ट्रकची दुसरी टाकी

डिझेल नसलं तर ट्रक उभा राहतो. ऑइल नसलं तर इंजिन जाम होतं, कूलंट नसलं तर तापतं, हवा कमी पडली तर टायर फाटतो. ट्रकमालकाच्या खर्चाच्या वहीतली प्रत्येक ओळ ट्रक पुढे जावा म्हणून असते. गेल्या काही वर्षांत या वहीत एक ओळ मात्र अशी आली आहे, जिच्याशी ट्रकच्या पुढे जाण्याचा काहीच संबंध नाही. डिझेलच्या मोठ्या टाकीजवळ निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यातलं पाणी संपलं तर इंजिनाला पत्ताही लागत नाही. इंजिन पहिल्यासारखंच ओढेल, घाट चढेल. ते तसं चालू नये म्हणून सरकारला नियम करावा लागला आणि कंपन्यांना इंजिनात अडथळा बसवावा लागला.

कागदोपत्री याचं नाव डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे डीईएफ. बकेटवर बहुधा अ‍ॅडब्लू असं लिहिलेलं असतं; ते जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेचं नोंदणीकृत नाव. ड्रायव्हर, क्लीनर, मिस्त्री आणि पंपावरची पोरं याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात, आणि ते खोटं नाही. वजनी ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी, एवढाच हा पदार्थ. रंग नाही, फारसा वास नाही, पेट घेत नाही. हातावर सांडला तर वाळून पांढरी भुकटी उरते.

आपल्याकडे २०१७ पासून बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या काही ट्रकांत तो आला होता, पण तेव्हा पर्याय होते. काही कंपन्यांनी धुराचाच काही भाग पुन्हा इंजिनात फिरवायची युक्ती वापरून युरियाची टाकी टाळली होती. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६ वर उडी मारायचं ठरवलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झालं आणि अवजड ट्रक-बसना ही टाकी जवळपास अटळ झाली. पुढे २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या धुराची चाचणी आली, तशा मोठ्या डिझेल मोटारीही या रांगेत आल्या. एक्सयूव्ही ७०० किंवा स्कॉर्पिओ-एनचं डिझेल मॉडेल घेतलेल्या अनेकांना ‘यात युरिया घालायचा असतो’ हे गाडी घरी आल्यावरच कळलं.

नियम एवढा कडक का, हे आकड्यांवरून कळतं. बीएस-४ च्या अवजड इंजिनाला एका किलोवॅट-तासामागे साडेतीन ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. हा वायू डिझेलमधून येत नाही, हवेतून येतो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही. पण डिझेल इंजिनाच्या पोटात दीड हजार अंशांच्या पुढे आच गेली की तोच नायट्रोजन ऑक्सिजनशी संधान बांधतो. इंजिन जितकं तापून नीट जळेल तितकी काजळी कमी आणि मायलेज चांगलं, पण हा वायू जास्त. आच कमी केली तर वायू घटतो, काजळी वाढते आणि डिझेलचा खप चढतो. इंजिन बनवणारे वर्षानुवर्षं या दोन टोकांच्या मध्ये अडकलेले होते.

युरियाने ही कोंडी फोडली. इंजिन मनसोक्त तापू द्यायचं आणि बाहेर पडणाऱ्या धुरातच युरियाचा बारीक फवारा मारायचा. धुराच्या उष्णतेने युरिया फुटून अमोनिया तयार होतो. पुढे ड्रायव्हर ज्याला सायलेन्सर म्हणतो त्या जाड डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिथे अमोनिया आणि नायट्रोजन ऑक्साइड एकमेकांना गाठतात आणि शेपटातून बाहेर पडतात ते साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. या व्यवस्थेला एससीआर म्हणतात. म्हणजे युरियाचा खर्च अगदीच फुकटचा नाही. इंजिन मायलेजच्या बाजूने बांधायची मोकळीक त्यामुळेच मिळते. मालकाला ते दिसत नाही, कारण मायलेज डिझेलच्या ओळीत मिसळून जातं आणि युरियाचं बिल वेगळं येतं.

आता तो अडथळा. टाकी दहा टक्क्यांच्या आसपास आली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. दुर्लक्ष केलं आणि ती तळाला गेली की इंजिनाची ताकद पाव हिश्श्याने कापली जाते. भरलेला ट्रक घेऊन खंबाटकी चढणाऱ्याला हा पाव हिस्सा म्हणजे काय ते विचारा. टाकी कोरडी पडली की गाडी ताशी २० किलोमीटरच्या वर जाऊ देत नाही. मोटारींचा शिरस्ता वेगळा. मोटार वाटेत बंद पडत नाही, पण युरिया संपल्यावर एकदा बंद केली तर पुन्हा सुरू होत नाही. टाकीत युरियाऐवजी पाणी ओतून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठीही सेन्सर आहे. द्रावण पातळ निघालं की तेच शिक्षासत्र तासांच्या हिशेबाने सुरू होतं.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या आसपास पुणे-बंगळुरू महामार्गाला लागून ट्रकची गॅरेजेस आहेत. तिथे या शिक्षासत्रातून सुटका करून घ्यायला आलेली एखादी तरी गाडी उभी असतेच. एका मिस्त्रींनी फवाऱ्याचा नॉझल खोलून दाखवला. बोटाच्या पेराएवढं त्याचं तोंड, त्यावर पांढरा थर साचून भोकं पार बुजलेली. त्यांनी तो स्टीलच्या वाटीत गरम पाण्यात सोडला. पांढरा थर हळूहळू विरघळला, पण खाली एक पिवळसर कवच तसंच राहिलं. त्यांनी नखाने टोकरून पाहिलं, मग पोरग्याला ब्रश आणायला सांगितलं.

‘‘ह्यो पांढरा गरम पाण्यात सुटतोय बघा. पिवळा मात्र दगड. गोणीतला युरिया घातलाय कुणीतरी,’’ ते म्हणाले.

‘‘मी न्हाई घातला मिस्त्री, आईशपथ,’’ ड्रायव्हर कळवळून म्हणाला. ‘‘मालकांनी सांगितलं, फुडच्या ढाब्यावर निम्म्यात मिळतंय, तितनं घे. म्हणून घेतलं.’’

‘‘मग तेच की रं.’’

मिस्त्रींचा निदान करायचा झटका मला आवडला, पण तो दरवेळी बरोबर असेलच असं नाही. चांगला युरिया भरूनही असा दगड बनू शकतो. फवाऱ्याचं काम धूर दोनशे अंशांच्या घरात तापला तरच नीट होतं. उरणला बंदराबाहेरच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून इंच इंच सरकणारा ट्रेलर, किंवा रोज दोन किलोमीटरवर शाळा आणि भाजी एवढंच फिरणारी एसयूव्ही, या दोघांचाही धूर पुरेसा तापत नाही. अर्धवट फुटलेला युरिया मग पाइपच्या भिंतीला धरून घट्ट होत जातो. अशा गाडीला अधूनमधून तासभर मोकळ्या रस्त्यावर पळवणं हेच औषध आहे.

मिस्त्रींचा संशय मात्र हवेतून आलेला नव्हता. शेतकऱ्याला मिळणारी अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आहे. एका गोणीतून किती डीईएफ होईल याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. ३२.५ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १२७ लिटर, म्हणजे २० लिटरच्या सहा बकेटा आणि वर थोडं. एका बकेटीतला युरिया पडला जेमतेम ४२ रुपयांना. चांगल्या कंपनीची भरलेली बकेट बाजारात हजार-बाराशेच्या आसपास मिळते. मधल्या जागेत पाणी, बकेट, स्टिकर आणि नफा. एवढा फरक असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये पाण्याची टाकी आणि ढवळायची काठी घेऊन बसणारे निघणारच, आणि निघाले आहेत. शेतीचा युरिया कारखानदारीला वापरणं हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. पेरणीनंतर युरियासाठी कृषी केंद्रापुढे रांगा लागतात तेव्हा त्यातल्या काही गोण्या कुठल्या वाटेने जातात, याचं एक उत्तर महामार्गावर मिळतं.

२०१५ पासून देशातल्या शेतीच्या सगळ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. नायट्रोजन जमिनीत हळूहळू सुटावा हा एक हेतू. दुसरा हेतू असा की हा युरिया दूधभेसळीत किंवा कारखान्यात जाऊ नये. माणूस तेवढ्याने अडला नाही, पण एससीआर नक्की अडते. निंबोळीचं तेल, दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेली रसायनं आणि बाय्युरेट नावाचं उपउत्पादन, यांतलं काहीही त्या जाळीला चालत नाही. डीईएफमध्ये बाय्युरेट ०.३ टक्क्यांहून जास्त नको असा नियम आहे.

पाण्याची गोष्ट तर आणखी फसवी. आपल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम बिनदिक्कत चालतं. डीईएफमध्ये कॅल्शियमची मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. लोह तेवढंच, तांबं आणि जस्त त्याहून कमी. म्हणजे माणसाला प्यायला उत्तम असलेलं पाणीही या यंत्राला क्षारयुक्त, मग बोअरच्या पाण्याची गोष्टच सोडा. हे धातू जाळीच्या छिद्रांत बसून राहतात आणि तिचं काम कायमचं बंद करतात. नॉझल धुता येतो, पंप बदलता येतो. जाळी गेली की पूर्ण डबाच बदलावा लागतो आणि अवजड ट्रकचं ते बिल लाखांत जातं.

‘मग तपासून घ्यावं की!’ असं कुणीही म्हणेल. रिफ्रॅक्टोमीटर नावाची पेनाएवढी दुर्बीण असते. काचेवर दोन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आत बघायचं, पट्टीवर टक्केवारी दिसते. मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ती असते आणि असायला हवीच. पण ती फक्त युरियाचं प्रमाण सांगते. गोणीतला निंबोळी युरिया बोअरच्या पाण्यात नेमका मोजून कालवला तर तिथेही ३२.५ च दिसणार! गाडीतला सेन्सरही प्रमाणच मोजतो, शुद्धता नाही. म्हणून कच्चा भेसळवाला लगेच पकडला जातो आणि हिशेबी भेसळवाल्याचा माल गाडी महिनोन्‌महिने निमूट पिते. दिवा लागतो तोवर जाळी गेलेली असते आणि बकेट कुठल्या ढाब्यावरून घेतली हे कुणालाच आठवत नाही. तेलकट तवंग, पिवळसर झाक किंवा गढूळपणा दिसला तर ते द्रावण ओतूच नका. पण स्वच्छ दिसलं म्हणजे स्वच्छ आहे, असंही समजू नका. खरी खात्री प्रयोगशाळेतच होते. तोवर ओळखीचा दुकानदार किंवा पेट्रोल पंप, बकेटीवर आयएसओ २२२४१ हे मानक, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि न फुटलेलं सील, एवढ्यावर भागवावं लागतं. सील आणि बकेट खरी असून माल खोटा असंही होतं, कारण रिकाम्या बकेटा भंगारातून पुन्हा भरायला जातात. रिकामी बकेट विकायचीच असेल तर तळाला भोक पाडून विका. (आपल्याकडे चांगली बकेट सहसा भंगारात जात नाही म्हणा. ती गोठ्यात नाहीतर न्हाणीत जाते, आणि तिथे गेली तर उत्तमच.)

खरा माल घेऊनही घरी वाट लावता येते. याला ऊन सोसत नाही. पंचवीस अंशांत ठेवलेलं डीईएफ दीड वर्ष टिकतं, तेच पस्तीस अंशांत सहा महिने. चंद्रपूर-जळगावचा मे महिना आणि वर पत्र्याची शेड असेल तर त्याहून कमीच धरा. स्वस्तात मिळालं म्हणून वर्षाचा साठा भरून ठेवण्यात शहाणपण नाही. लोखंडी पिंप, पितळी नळ, तांब्याचा पाइप किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कारण द्रावण त्यातला धातू खातं आणि बरोबर घेऊन जातं. प्लॅस्टिकची मूळ बकेट किंवा स्टेनलेस स्टील, बस्स. नरसाळं वेगळं ठेवा. गॅरेजमध्ये ऑइल ओतायचं नरसाळं फडक्याने पुसून युरियाला वापरतात, ते सगळ्यात वाईट. पुसल्यावर जे तेल उरतं तेवढं टाकीतली रबराची सीलं खराब करायला पुरतं. हिमालयात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की हे द्रावण उणे अकरा अंशांना गोठतं. टाकीत हीटर असतो, त्यामुळे गाडी अडत नाही, पण टाकी काठोकाठ भरू नये.

एक सवय मात्र आपल्या ड्रायव्हरांची खास आहे आणि तिने किती नॉझल खाल्ले असतील याची गणती नाही. ट्रक ढाब्याला लागला की किल्ली काढायची आणि उतरता उतरता बॅटरीचा मेन स्विच पाडायचा. वायरिंगला आग लागू नये, बॅटरी उतरू नये म्हणून उस्तादाने शिकवलेली ही शिस्त. पण बीएस-६ च्या ट्रकमध्ये किल्ली काढल्यावर युरियाचा पंप मिनिट-दोन मिनिटं उलटा चालतो आणि नळीतलं उरलेलं द्रावण परत टाकीत ओढून घेतो. त्याच वेळी मेन स्विच पडला तर द्रावण गरम नॉझलच्या तोंडाशीच राहतं, वाळतं आणि खडा होतो. किल्ली काढा, हातपाय धुऊन या, मग स्विच पाडा. फुकटातली दुरुस्ती आहे.

चुकीच्या टाकीचे किस्से तर प्रत्येक सर्व्हिस सेंटरकडे आहेत. डीईएफच्या टाकीचं तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेलं असतं, डिझेलचा जाड नॉझल त्यात जात नाही. पण बकेट आणि नरसाळं घेतलं की ती सोय निकामी. शिवाय काही मोटारींत दोन्ही तोंडं एकाच झाकणाखाली शेजारी-शेजारी असतात. डिझेलच्या टाकीत युरिया गेला तर इंधनपंप आणि इंजेक्टर गंजतात. युरियाच्या टाकीत डिझेल गेलं तर तिथली सीलं फुगून बाद होतात. दोन्ही वेळा उपाय एकच. किल्ली फिरवायची नाही. नुसतं इग्निशन चालू केलं तरी पंप दाब बनवायला लागतो आणि घाण पुढे सरकते. गाडी उचलून न्यायची आणि टाकी रिकामी करायची.

आता या धंद्यातला सगळ्यात काळा भाग. ‘युरिया बंद करून देतो’ अशी पाटी कुठेही नसते, पण सेवा मिळते. काडेपेटीएवढी एक डबी गाडीच्या वायरिंगमध्ये बसवली जाते. टाकी भरलेली आहे, फवारा चालू आहे, धूर स्वच्छ आहे, असं ती इंजिनाच्या संगणकाला सांगत राहते. कुणी लॅपटॉप लावून संगणकातला कार्यक्रमच बदलून देतो. महिन्याला दहा हजार किलोमीटर चालणारा आणि लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक अडीच हजार लिटर डिझेल पितो. त्याच्या पाच टक्के धरला तर युरिया सव्वाशे लिटर. म्हणजे महिन्याला सात-साडेसात हजारांची बचत, आणि डिझेलचं बिल मात्र सव्वादोन लाखांच्या घरात. तीन टक्क्यांसाठी हा खटाटोप. तरीही लोक करतात. सगळ्यांचा हेतू चोरीचाच असतो असंही नाही. सेन्सर वारंवार बिघडतो, सर्व्हिस सेंटरला आठ-आठ दिवस गाडी अडकते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वैतागलेल्या छोट्या मालकाला डबीवाला देवासारखा भेटतो.

डबी लावलेला बीएस-६ ट्रक मानकाच्या दहापटीने नायट्रोजन ऑक्साइड सहज सोडतो, कारण त्याचं इंजिन तापून जळण्यासाठीच बांधलेलं असतं. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. काजळी अडवणारी वेगळी जाळी असते, त्यामुळे धूर काळा नसतोच. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. डबीवाला ट्रक ती परीक्षा हसत-हसत पास होतो आणि रीतसर प्रमाणपत्र घेऊन निघतो. कायदा तसा कडक आहे. गाडीत परस्पर फेरफार केल्यास प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रदूषणाचं मानक मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना बाद. पण मोजमापच नसेल तर कलम लावणार कशाच्या जोरावर?

हा वायू दम्याच्या पोराला लगेच जाणवतो. उन्हात त्यातून ओझोन बनतो आणि हवेत सूक्ष्म कणही. नायट्रोजन डायऑक्साइडची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आपली ४०.

फक्त रस्त्याकडेच्या वायरमनला दोष देऊन मोकळं व्हावं, तर युरोपातल्या बड्यांकडे बघा. युरियाची टाकी मोठी केली तर डिकीतली जागा जाते, छोटी ठेवली तर गिऱ्हाइकाला वारंवार भरावी लागते. यावर जर्मन कंपन्यांनी आपापसांत बसून टाकी केवढी ठेवायची आणि एका भरणीत गाडी किती चालवायची हे ठरवून टाकलं. आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ गाडी काढायची स्पर्धाच नको! जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. या साटंलोट्याची माहिती आधी देणारी डेमलर कंपनी दंडातून सुटली.

हे पाणी मिळेनासं झालं तर काय होतं, हे त्याच वर्षी दक्षिण कोरियाने पाहिलं. तिथला शेवटचा युरिया कारखाना २०११ मध्ये बंद झाला होता आणि कारखानदारीचा जवळपास सगळा युरिया चीनमधून यायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये चीनने निर्यातीवर तपासणी लावली आणि तीन आठवड्यांत कोरियातले ट्रक थांबायच्या बेताला आले. मोटारीला दहा लिटर, ट्रकला तीस लिटर असं रेशनिंग झालं आणि ऑस्ट्रेलियातून सुमारे २७ हजार लिटर द्रावण आणायला लष्करी विमान धाडावं लागलं. आपल्याकडे ट्रॉम्बे आणि अलिबागजवळच्या थळपासून देशभर युरियाचे कारखाने आहेत, तेवढा फरक. मात्र त्यांचा माल मुख्यतः शेतासाठी असतो.

पीयूसी केंद्रांवर नायट्रोजन ऑक्साइड मोजायची सोय झाल्याशिवाय डबीचा धंदा थांबणार नाही, हे माझं मत. परिवहन खात्याने निदान महामार्गांवरच्या तपासणी नाक्यांवर तरी ती सुरू करावी. तोवर वाचकांसाठी एवढंच: दिवाळीला डिझेल एसयूव्ही घेऊन गावी निघणार असाल तर युरियाची पातळी आधी बघा. साधारण हजार किलोमीटरला एक-दीड लिटर लागतो आणि कमी झाल्याचा इशारा दोन-अडीच हजार किलोमीटर आधीच मिळतो, तेव्हा वाटेत कुठल्याही ढाब्यावरचं घ्यायची वेळ येत नाही. घराजवळच्या खात्रीच्या दुकानातून सीलबंद कॅन आणा, तारीख वाचा, आणि पंपावर पोऱ्या झाकण उघडायला लागला की गाडीतून खाली उतरा.